रिव्ह्यूत ‘कॉमेंट काढा’ म्हणाले, काढली. शुक्रवारी पगार अडकला.

सव्वाआठची_स्लो · रविवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. धागा काढण्यास कारण की, परवा शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत ऑफिसात बसलो होतो आणि त्याला मीच कारणीभूत, असं निम्म्या टीमचं मत आहे. उरलेल्या निम्म्यांना अजून कळायचंय.

आमचं काम पगाराच्या सॉफ्टवेअरचं, ऑफिस ऐरोलीला. महिनाअखेरीला ग्राहक कंपनीच्या पगाराची फाईल तयार होते, ती बँकेच्या सर्व्हरवर टाकायची, बँक पोच देते, मग पुढची फाईल. हे फाईल टाकणारं मॉड्यूल आठेक वर्षांचं. ज्याने लिहिलं तो केव्हाच कॅनडाला गेला. त्यात एका जागी कोड तीन सेकंद नुसता थांबतो. त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट होती, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप, कॉम्प्युटर ती बघत नाही. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून देतोय (बाकीचा कोडही मराठीतच समजून घ्या, इथला एडिटर कोड टाकला की त्याचं भरीत करतो):

// इथे ३ सेकंद थांबायलाच हवं. बँकेचा सर्व्हर पोच आधी देतो, फाईलचं नाव मागाहून बदलतो.
// तेवढ्यात दुसरी फाईल गेली तर ती पहिलीवर बसते. फोन केला होता. ते दुरुस्त करणार नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे नियम आला की कोड स्वतःच बोलला पाहिजे, कॉमेंट दिसली की समजा कोड नीट लिहिलेला नाही. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी एकमेकांचा कोड तपासतात तिथे, मला सांगितलं, या मॉड्यूलमधल्या कॉमेंट साफ करा. मी दोन दिवसांत १४०च्या आसपास काढल्या. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) कौतुकही झालं. जूनमध्ये एक नवीन मुलगी रुजू झाली, तिला ही विनाकारण थांबणारी ओळ दिसली, तिने ‘वेग सुधारला’ म्हणून उडवली. टेस्ट हिरव्या, म्हणजे सगळ्या पास, कारण आमचा टेस्ट सर्व्हर नाव लगेच बदलतो. चार महिने काही झालं नाही, कारण त्या बँकेकडे बहुतेक ग्राहकांची महिन्याला एकच फाईल जाते. शुक्रवारी एका ग्राहकाच्या पहिल्यांदाच दोन गेल्या, एक कायम कामगारांची आणि एक कंत्राटी. दुसरी पहिलीवर बसली. दोनशेच्या वर माणसांचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा झाला नाही, आणि फोन आले ते थेट शॉपफ्लोअरवरून.

त्या मुलीला कुणी काही बोललं नाही, बोलू दिलंही नाही. पण तेव्हापासून डोक्यात चक्र चालू आहे. तुमच्याकडे कॉमेंट कधी लिहितात? कधी काढतात? ठरवतं कोण?

चाळकरी · रविवार, रात्री १०:११

पहिला! आता टॅब्ज विरुद्ध स्पेसेस हा प्रोग्रॅमरांचा जुना वाद कुणी काढायच्या आत मुद्द्याचं बोलून घ्या.

मीनाक्षी_टंकते · रविवार, रात्री १०:४०

नियमाला दोष देऊ नकोस. तू झाडू मारताना केराबरोबर किल्लीही टाकलीस.

माझी बाजू स्पष्ट सांगते, कारण आमच्या टीममध्ये तो नियम मीच आणलाय. कॉमेंट कंपाईल होत नाही (यंत्राच्या भाषेत उतरत नाही), टेस्ट होत नाही, ती खोटी झाली तर कुठेही लाल दिवा लागत नाही. कोडमध्ये चूक असेल तर कधीतरी कुणीतरी ओरडतं, कॉमेंटमधली चूक वर्षानुवर्षं गप्प बसते. त्यामुळे जे नावात सांगता येतं ते नावात सांगा. रोजचं उदाहरण घ्या, आयएफएससी कोड तपासायचा असतो. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. आमच्याकडे कुणीतरी लिहिलं होतं (कोडमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून पाचवं अक्षर ते [४]): ‘जर कोड[४] शून्य नसेल तर चूक’, आणि वर कॉमेंट, ‘आयएफएससी तपासतोय’. ही कॉमेंट मी काढली आणि फंक्शनचं, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याचं, नाव ठेवलं ‘पाचवं_अक्षर_शून्य_आहे’. कॉमेंटची गरज संपली.

तुझ्या बाबतीतही फंक्शनला ‘बँक_नाव_बदलेपर्यंत_थांब’ असं नाव असतं तर ती ओळ कुणी उडवली नसती. आणि टेस्ट सर्व्हर खऱ्या बँकेसारखा वागत नाही, हा तर कॉमेंटच्याही आधीचा गुन्हा.

सव्वाआठची_स्लो · रविवार, रात्री ११:०२

टेस्ट सर्व्हरचं मान्य. त्याचं तिकीट (कामाची नोंद) शनिवारीच काढलंय.

आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या १४० पैकी शंभरेक खरोखर केर होत्या. कन्स्ट्रक्टरवर ‘// कन्स्ट्रक्टर’. ‘यादी = नवीन यादी’ वर ‘// नवीन यादी तयार करा’. एका फाईलच्या डोक्यावर ताऱ्यांची चौकट, आत लेखकाचं नाव, तारीख आणि ‘उद्देश:’ च्या पुढे मोकळी जागा. साठ ओळींचा मेलेला कोड, वर ‘// लागला तर’. आठ वर्षांत लागला नाही. हे सगळं काढताना हाताला अशी लय लागली की बाकीचं वाचलंच नाही. डिलीट, डिलीट, डिलीट.

अर्धवट_पुणेकर · रविवार, रात्री ११:२०

मुंबईकरांना कॉमेंटचं शास्त्र कळणं अवघड, कारण तुमच्याकडे पाट्या नाहीत. पुणेरी पाटी हा आदर्श नमुना आहे. काय करू नये, का करू नये, केल्यास काय होईल, आणि वर वाचणाऱ्याची अक्कल काढलेली. ‘येथे गाडी लावू नये. रात्री गेट उघडण्यासाठी आम्ही उठणार नाही.’ कारण दिलंय, परिणाम दिलाय, आणि फेरफारास वाव नाही. तुमच्या त्या कॅनडावाल्याची कॉमेंट याच घराण्यातली आहे. ‘फोन केला होता. ते दुरुस्त करणार नाहीत.’ वा! तो मूळचा सदाशिव पेठेतला असणार.

(हलकेच घ्या.)

टेस्टरबाई · सोमवार, सकाळी ८:५०

ट्रेनमधून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मीनाक्षीताई, कॉमेंट खोटी होते याबद्दल शंभर टक्के सहमत. मुंबईकराला हे समजवायला पुणेरी पाटी नको. इंडिकेटरवर कल्याण फास्ट आणि प्लॅटफॉर्मला लागते ठाणे स्लो. इंडिकेटर नसता तर माणसाने गाडीच्या तोंडावर बघितलं असतं, पण इंडिकेटर आहे म्हणून तो चढतो. शिळी कॉमेंट हेच करते. कॉमेंटच नसेल तर माणूस कोड वाचतो, चुकीची असेल तर न वाचताच विश्वास ठेवतो. पायथनच्या कोड लिहिण्याच्या नियमावलीत, म्हणजे पेप ८ मध्ये, हे स्वच्छ लिहिलंय की कोडशी विसंगत कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट.

पण माझा अनुभव याच्याही पुढचा आहे. आमच्या एका जुन्या कोडमध्ये होतं, ‘// संध्याकाळनंतर एनईएफटी जात नाही, म्हणून फाईल उद्या सकाळपर्यंत धरून ठेवा’. लिहिली तेव्हा अगदी खरी. मग १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झाली. आमचा कोड मात्र पुढची दोन-अडीच वर्षं संध्याकाळच्या फाईली सकाळपर्यंत धरून बसला होता. अनेकांनी ती ओळ पाहिली, कॉमेंट वाचली, ‘अच्छा, कारण आहे’ म्हणून पुढे गेले. कॉमेंट इतकी पटण्यासारखी होती की कोडला हात लावायची कुणाची छाती झाली नाही! कॉमेंट नसती तर कुणीतरी विचारलं असतं, बाबा रे, फाईल का धरून ठेवतोयस?

कांजूर आलं. उतरते.

कोबोलकाका · सोमवार, दुपारी २:१५

तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. आमच्या काळी कॉमेंटला वजन होतं, म्हणजे ग्रॅममध्ये वजन. कॉलेजात फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा भोकं पाडायच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर शिकलो. फोरट्रान १९५७ची, आणि कॉमेंटचा नियम तेव्हापासून एकच, पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर पाडलं की ते कार्ड कंपायलर बघत नाही. म्हणजे कॉमेंटच्या एका ओळीला एक अख्खं कार्ड. गठ्ठा हातात घेऊन जायचा, रांग लावायची. त्यामुळे ‘यादी तयार करा’ असलं लिहायला कुणी कार्ड खर्च करत नसे. कार्डाच्या ८० रकान्यांतले शेवटचे आठ, ७३ ते ८०, क्रमांकासाठी ठेवलेले. गठ्ठा हातातून पडला तर त्यावरून पुन्हा लावता यायचा. एकदा पडला आहे. क्रमांक घातले नव्हते. असो.

मग १९९७ ते २००० मी सीप्झमध्ये (अंधेरीचं निर्यात क्षेत्र) वायटूकेवर होतो, म्हणजे २००० उजाडल्यावर साल चुकू नये म्हणून जुना कोड दुरुस्त करण्यावर. अंधेरी स्टेशनहून बस, गेटवर पास दाखवायचा, आत बारा-बारा तास दुसऱ्यांचा कोबोल भाषेतला कोड वाचायचा. कोबोलमध्ये सातव्या रकान्यात तारा असला की ती ओळ कॉमेंट. परदेशातल्या एका विमा कंपनीचा कोड होता, साल दोन आकडी. उपाय असा की दोन आकडे अमुक एका संख्येहून कमी असतील तर २०००चं शतक धरायचं, नाहीतर १९००चं. त्या अमुकला आम्ही पिव्हट म्हणायचो. एका प्रोग्रॅममध्ये आमच्या आधीच कुणीतरी हे करून ठेवलं होतं, पिव्हट ५०. बाकी सगळीकडे आम्ही ६० धरत होतो. मी तेही ६० करणार, एवढ्यात वर ताऱ्यांच्या दोन ओळी दिसल्या: सर्वांत जुनी चालू पॉलिसी ५१ सालची आहे, ५० च्या वर जाऊ नका. मी ६० केलं असतं तर १९५१चा तो म्हातारा २०५१ साली विमा काढणार होता.

मीनाक्षीबाई, नावात हे कसं बसवणार? ‘सर्वांत_जुनी_पॉलिसी_५१_सालची_म्हणून_पिव्हट_५०’? आमच्याकडे नावाला तीसच अक्षरांची मुभा होती.

मीनाक्षी_टंकते · सोमवार, दुपारी २:३१

काका, हे कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदल जमा करताना लिहायच्या टिपेत, बसतं. तुमच्या वेळी कोडचा इतिहास ठेवणारं गिट नव्हतं, आता आहे. कोड ‘काय’ सांगतो, इतिहास ‘का’ सांगतो. ज्याला प्रश्न पडेल तो त्या ओळीवर गिट ब्लेम चालवेल, ती कुणी कधी बदलली ते दिसेल.

हिशोबनीस · सोमवार, दुपारी ३:०५

गिट ब्लेम ऐकून हसलो. आम्ही एसव्हीएनमधून (तसलंच जुनं साधन) गिटवर आलो तेव्हा कुणीतरी इतिहास न आणता नुसता कोड आणला. आता आमच्या साडेतीन लाख ओळींपैकी निम्म्यांवर ब्लेम चालवा, उत्तर एकच: ‘पहिली कमिट’. करणारा राजीनामा देऊन गेलेला. ज्यांचा इतिहास शाबूत आहे त्यांच्याकडे कुणीतरी एके दिवशी फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) चालवलेला असतो, मग प्रत्येक ओळ त्याच्याच नावावर. जिराचं, म्हणजे कामांची तिकिटं ठेवणाऱ्या साधनाचं, तेच. तिकीट क्रमांक कोडमध्ये आहे आणि जिरा बदलून दुसरं काहीतरी आलंय.

मीही पगाराच्याच सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे आमच्या दुकानातलं उदाहरण देतो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर. पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिना २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००. कोड असा:

जर महिना == २ तर कपात = ३०० नाहीतर कपात = २००

नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न हा. फेब्रुवारीत का? लीप वर्षाचं काही आहे का? एकाने तर बग समजून दोन्हीकडे २०० केलं होतं, टेस्टने वाचवलं. आता इथे मीनाक्षीताईंच्या पद्धतीने स्थिरांकाला ‘फेब्रुवारीतील_कपात’ नाव दिलं तरी हाती काय लागतं? कोड जे म्हणत होता तेच पुन्हा. कारण संविधानात आहे. कलम २७६ प्रमाणे हा कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येत नाही. बाराने भागलं तर २०८ रुपये तेहतीस पैसे. हा पैशांचा घोळ टाळून अकरा महिने २०० म्हणजे २,२००, आणि उरलेले ३०० आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे एका महिन्यात. कॉमेंट एका ओळीची:

// ११ × २०० + ३०० = २,५००, संविधान कलम २७६ची वार्षिक मर्यादा

हे वाचल्यावर तो आकडा कुणी बदलत नाही. आणि उद्या मर्यादा वाढवली तर काय बदलायचं हेही कळतं.

मीनाक्षी_टंकते · सोमवार, दुपारी ३:२२

ही चांगली आहे. ही मी रिव्ह्यूमध्ये काढायला सांगणार नाही.

हिशोबनीस · सोमवार, दुपारी ३:३०

थांबा, कौतुक गिळायच्या आधी उलटं उदाहरणही माझ्याच कोडमधलं. त्याच फाईलमध्ये खाली लिहिलेलं, ‘// स्त्रियांना १०,००० पर्यंत सूट’. १ एप्रिल २०२३ पासून ती मर्यादा २५,००० झाली. कोड बदलला, कॉमेंट राहिली. ऑडिटला आलेल्या बाईंनी कॉमेंट वाचून आम्हाला झापलं, कोड बरोबर असताना! म्हणून आता आमचा नियम आहे, कॉमेंटमध्ये कोडमधला आकडा पुन्हा लिहायचा नाही. कारण लिहा, नियमाचं नाव लिहा, आकडा एकाच जागी.

चाळकरी · सोमवार, दुपारी ४:१०

स्वयंपाकघरात बघा. बोर्नव्हिटाच्या बाटलीत जिरं, आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले मटार. आमच्या आईला कॉमेंट लागत नाही, तिला सगळं पाठ. वहिनी आल्यावर पहिल्याच दिवशी दुधात जिरं. मुद्दा काय, तर डबेवाल्यांकडे पण झाकणावर खुणा असतात नि…

अर्धवट_पुणेकर · सोमवार, दुपारी ४:१३

आला का डबेवाला! मुंबईच्या धाग्यावर पन्नास प्रतिसादांच्या आत डबेवाला आलाच पाहिजे असा कायदा आहे का?

चाळकरी · सोमवार, दुपारी ४:१४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निमूटवाचक · सोमवार, रात्री ९:१८

नमस्कार, बरीच वर्षं वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. कामाला लागून सात महिने झाले. दोन प्रश्न.

एक, कॉमेंट मराठीत लिहिली तर चालते का? माझं इंग्रजी कामचलाऊ आहे. ‘का’ लिहायला बसलो की वाक्य जमत नाही, म्हणून शेवटी ‘फिक्स फॉर इश्यू’ असलं काहीतरी लिहून मोकळा होतो.

दोन, आता कोड लिहून देणारे एआय मदतनीस आहेत ना, ते प्रत्येक ओळीवर कॉमेंट घालून देतात. ‘// इथे लूप सुरू’ वगैरे. त्या ठेवायच्या की काढायच्या?

वेदांगी · सोमवार, रात्री १०:०२

निमूटवाचक, स्वागत. दुसऱ्याचं आधी. काढ. त्या यंत्राला कोड समोर दिसतो म्हणून ते कोडच पुन्हा सांगतं. बँकेला फोन कुणी केला होता आणि पलीकडचा काय म्हणाला, हे त्याला कुठून कळणार? ते तुलाच लिहावं लागेल.

पहिल्याबद्दल. तीच पेप ८ सांगते की इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतल्यांनीही कॉमेंट इंग्रजीतच लिहाव्यात, तुमची भाषा न येणारा कुणीही हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असल्याशिवाय. १२० टक्के लिहिलंय, चेष्टा नाही. माझ्या टीममध्ये एक चेन्नईची आहे, एक हंगेरीचा. मग मी मराठीत लिहू शकत नाही. पण तुझी टीम सगळी ठाण्याची असेल आणि ग्राहकही इथलाच, तर तुझ्या मोडक्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी केव्हाही बरी. आमच्या जुन्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आत बसणाऱ्या कोडमध्ये) रोमन लिपीत मराठी सापडलं होतं: ‘इथे हात लावू नको, पंप बंद पडतो’. त्या हंगेरियनाला मी भाषांतर करून दिलं. त्याने तसंच ठेवलं, खाली इंग्रजी जोडलं.

मी एम्बेडेडमध्ये आहे, म्हणजे यंत्रांतल्या चिपसाठी कोड लिहिते, म्हणून अजून एक. आमच्याकडे ‘का’चं उत्तर कोडच्या बाहेर, धातूत असतं. एका चिपमध्ये रजिस्टरला (आतल्या छोट्या कप्प्याला) पहिल्यांदा लिहिलं की कधीकधी ते धरत नाही, म्हणून दोनदा लिहायचं. निर्मात्याच्याच त्रुटींच्या पत्रकात दिलंय. कोडमध्ये एकाखाली एक दोन सारख्या ओळी. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणार, चुकून कॉपी-पेस्ट झालीय. तिथे पत्रकाचा क्रमांक आणि चिपची आवृत्ती लिहिली नाही तर ती दुसरी ओळ आठवडाभरही टिकणार नाही. आणि आवृत्ती लिहायची कारण नव्या आवृत्तीत तो दोष गेलेला असतो, मग ओळ काढायचीच असते.

टेस्टरबाई · सोमवार, रात्री १०:२०

हे! आवृत्ती! माझ्या एनईएफटीच्या कॉमेंटमध्ये नेमकं हेच नव्हतं. ‘का’ होतं, पण ‘कुठवर’ नव्हतं.

अर्धवट_पुणेकर · सोमवार, रात्री १०:४५

थोरामोठ्यांचं पण ऐका. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ची, एक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) थांबवून दुसरी सुरू करायचा कोड आहे. तिथे लिहिलंय, ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही’. जगभर टीशर्टवर गेलं. लोकांना वाटलं केवढा हा माज. पुढे युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिचींनी खुलासा केला की म्हणायचं होतं ते ‘हे परीक्षेत येणार नाही’ या चालीवर, आणि खरी अडचण ही की तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट समजलं नव्हतं!

अपोलो ११चा चंद्रावर उतरण्याचा कोड २०१६ मध्ये गिटहब या कोडच्या वेबसाईटवर आला, त्यातही एके ठिकाणी आहे, ‘तात्पुरतं, अशी आशा आशा आशा’. तो तात्पुरता कोड जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरला. आणि तुम्ही ‘// लागला तर’ ला हसता.

सीपीपी_पीडित · सोमवार, रात्री ११:३०

कॉमेंट निरुपद्रवी असते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. सी++ मध्ये मी लिहिलं होतं:

// लॉग इथे जातात: डी:\लॉग\
शिल्लक = ०;

शेवटचा बॅकस्लॅश बघा. सी आणि सी++ मध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश असला की पुढची ओळ तिलाच जोडली जाते. म्हणजे ‘शिल्लक = ०’ हीसुद्धा कॉमेंट. माझ्या मशीनच्या मेमरीत त्या जागी आधीच शून्य असायचं, ग्राहकाकडे कचरा. तीन दिवस गेले. कंपायलर याचा इशारा देतो, आम्ही इशारे बंद करून ठेवले होते. रिव्ह्यूत कुणी पकडलं नाही, कारण कॉमेंट कोण वाचतं?

जावा भाषेत याहून भारी. तिथे युनिकोडचे संकेत कॉमेंट ओळखायच्या आधीच अक्षरांत बदलतात. नवीन ओळीचा संकेत कॉमेंटमध्ये टाकला की त्याच्या पुढचा भाग कोड म्हणून चालतो.

हिशोबनीस · मंगळवार, सकाळी ११:१०

अवांतर, पण राहवत नाही. कॉमेंट कुठवर जाऊ शकते हे पाहायचं असेल तर जगातले कॉम्प्युटर वापरतात तो टाईमझोनचा डेटाबेस उघडा. आशियाची फाईल साधी मजकुराची आहे. आकडे थोडे, कॉमेंट पानंच्या पानं, कुठल्या देशाने घड्याळ कधी सरकवलं, ते कुठून कळलं, कुणाचं म्हणणं संशयास्पद आहे. आपल्या मुंबईचं घड्याळही काही कमी नाही. १९०६ पासून देशाची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, पण मुंबई आपल्या बॉम्बे टाईमवर अडून होती, ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. एकोणचाळीस मिनिटांचा फरक, १९५५ पर्यंत. नुसता ४:५१ आकडा कुठे दिसला तर कुणीही टायपो म्हणून दुरुस्त करेल.

मीनाक्षी_टंकते · मंगळवार, दुपारी १:४०

दोन दिवस वाचतेय. आज सकाळी आमच्या टीमच्या नियमात बदल केला. ‘कॉमेंट नको’ होतं, तिथे लिहिलं: कोड काय करतो याची कॉमेंट नको, त्यासाठी नाव सुधारा. बाहेरच्या जगामुळे (बँक, कायदा, चिप, ग्राहकाचा हट्ट) कोड वेडावाकडा असेल तर कॉमेंट सक्तीची, आणि तो वेडावाकडेपणा कधी काढता येईल हे त्यात हवं. आणि काढणाऱ्याने प्रत्येक कॉमेंट वाचून काढावी, ढिगाने नाही. शेवटचं तुझ्यासाठी, स्लो.

फॉर्मॅटरने सगळ्या ओळी स्वतःच्या नावावर केल्याची गोष्ट आमच्याकडेही घडलीय. ते मी सोमवारी मुद्दाम बोलले नव्हते.

सव्वाआठची_स्लो · मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. थांबायची ओळ काल परत घातली. त्या नवीन मुलीलाच घालायला सांगितली, कॉमेंटही तिनेच लिहिली, मी फक्त टेस्टरबाईंचं ‘कुठवर’ सुचवलं. तिने त्यासाठी बँकेला पुन्हा फोन केला. आठ वर्षांपूर्वीचं उत्तर अजून लागू आहे का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पहिला मसुदा:

// बँकेचा सर्व्हर पोच आधी देतो आणि फाईलचं नाव मागाहून बदलतो, म्हणून थांबणं.
// काही वेळा दुसरी फाईल पहिलीवर बसते. बँक नवीन पद्धत आणेपर्यंत ठेवा.

मीनाक्षी_टंकते · मंगळवार, रात्री १०:०३

‘बँक’ म्हणजे कुठली? तुमच्याकडे एकच आहे का? ‘काही वेळा’ म्हणजे कधी? आणि नवीन पद्धत आली हे कळणार कसं?

सव्वाआठची_स्लो · मंगळवार, रात्री १०:३०

पाच बँकांपैकी एकीलाच हा त्रास आहे. आत्ता त्या नवीन मुलीला फोन केला, ती अजून जागी होती (आणि थोडी वैतागली). बँकेचं नाव इथे गाळतोय, कोडमध्ये आहे. एपीआय म्हणजे फाईल टाकण्याऐवजी प्रोग्रॅम थेट प्रोग्रॅमशी बोलतो ती पद्धत.

// फक्त ‘अमुक’ बँक: पोच आधी येते, फाईलचं नाव मागाहून बदलतं. तेवढ्यात त्याच ग्राहकाची
// दुसरी फाईल गेली तर पहिली पुसली जाते, चूक दाखवत नाही. फोनवर खात्री केली ०३/११/२५.
// बँक एपीआयवर आली की हा थांबा काढा. त्याची टेस्ट: ‘एका_ग्राहकाच्या_दोन_फाईली’.

मीनाक्षी_टंकते · मंगळवार, रात्री १०:३४

मंजूर.

कोबोलकाका · मंगळवार, रात्री १०:५०

साल चार आकडी लिही रे.